पुडीतली दाशी, पातेल्यातली दाशी

जपानी स्वयंपाक घरी करायचा म्हणजे नक्की कोणाच्या घरासारखा करायचा, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक पक्ष माझ्या बायकोचा. तिचा सगळा संसार योकोहामात झाला, आणि तांदूळ कसा धुवायचा इथपासून ती शेजारणींकडून शिकली. दुसरा पक्ष तिच्या भावाच्या मुलाचा. तो तोक्योत शिकायला आलाय, शनिवार-रविवार आमच्याकडे असतो आणि येताना पाककलेचं एखादं जाडजूड पुस्तक वाचून येतो. लिहिण्याच्या सोयीसाठी तिला आत्या म्हणतो, त्याला भाचा. मी आतोबा. माझं काम कांदे सोलायचं, आणि जो हरत असेल त्याच्या बाजूने एखादा शब्द टाकायचं.

तरुण पोरं पुडी फोडून मोकळी होतात आणि वडीलधारी 'असं नसतं करायचं' म्हणत मागे लागतात, असा सगळीकडचा शिरस्ता. आमच्याकडे उलटी गंगा. परवा भाचा रिशिरी बेटावरचा कोम्बू, म्हणजे सुकवलेला समुद्री पाला, आणि कात्सुओबुशीचं, म्हणजे सुक्या माशाच्या किसाचं मोठं पाकीट घेऊन आला, आणि चमचा शोधायला म्हणून त्याने ड्रॉवर उघडला.

भाचा: आत्या, ही होनदाशी? तुझ्या घरात?

आत्या: का, मी कोण लागून गेले? या बिल्डिंगमधला कुठलाही ड्रॉवर उघड. 1970 सालापासून विकतायत ती. तुझा बाबा तेव्हा पाळण्यात होता.

भाचा: म्हणून ती परंपरा झाली का? मागे लिहिलंय ते वाच. मीठ, साखर, अजिनोमोतो, आणि मग कात्सुओबुशीची पूड. जपानी सूप म्हणजे मुळात दाशी, कोम्बू आणि कात्सुओबुशीचं पाणी. ती पुडीतून काढायची तर उरलं काय?

आत्या: उरलं मिसो, तोफू आणि वेळेवर शाळेत गेलेली माझी मुलं. आणि अजिनोमोतो म्हणताना नाक मुरडू नकोस. चायनीजच्या गाडीवर भुरभुरतात म्हणून तुला ते हलकं वाटतं. निघालं कशातून? तू पैसे मोजून आणलेल्या त्या कोम्बूतूनच. इकेदा किकुनाए म्हणून रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते तोक्योच्या विद्यापीठात. 1908 साली त्यांनी कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि पुढच्याच वर्षी ते बाटलीत भरून बाजारात आलं.

भाचा: ही अर्धी गोष्ट झाली. 1913 साली त्यांचाच शिष्य, कोदामा शिनतारो, कात्सुओबुशीच्या मागे लागला आणि त्याला त्यात इनोसिनेट सापडलं. पुढे 1950च्या दशकात कुनिनाका अकिरांनी दाखवलं की ही दोन्ही एकत्र आली की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. इथल्या सुगरणींना हे जिभेने शेकडो वर्षं माहीत होतं. म्हणून तर हा समुद्री पाला होक्काइदोहून जहाजांत घालून जपानच्या पश्चिम किनाऱ्याने ओसाकापर्यंत आणायचे. ओसाकाच्या आसपास कोम्बूचं एक पान उगवत नाही, तरी ओसाका कोम्बूचं शहर झालं.

आत्या: तो गुणाकार पुडीतही असतो. तेवढं गणित त्यांनाही येतं.

भाचा: वास नसतो. थांब, करूनच दाखवतो.

इथे वाद थांबला आणि गॅस पेटला. त्याने लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम कोम्बू काट्यावर मोजून घेतला. पानावर पांढुरकी भुकटी होती. मी नळाखाली धरायला गेलो, तर माझ्या हातातून काढून घेतला. ती धुवायची नसते, नुसतं ओलं फडकं फिरवायचं, तिच्यातही चव असते. तासभर भिजलेलं ते पान आता तळहाताएवढं रुंद, गडद हिरवं आणि गुळगुळीत झालं होतं. आच मंद. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले, पानाच्या कडेने एकेक वर येऊ लागले, आणि पाणी उकळणार असं वाटताच त्याने पान बाहेर काढलं. उकळू दिलं तर पाण्याला बुळबुळीतपणा येतो आणि शेवाळी दर्प. मग पाण्याला एक उकळी, गॅस बंद, आणि वीस ग्रॅम कात्सुओबुशी एकदम. रंध्याखाली निघतात तशा त्या गुलाबी-तपकिरी सालपटांनी पातेलं भरून गेलं. ढवळायचं नाही. मिनिट-दोन मिनिटांत ती आपणहून तळाशी बसली. कापडातून गाळलं, आणि आत्याने सवयीने कापड पिळायला हात पुढे केला तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच. पिळलं की माशाचा उग्रपणा उतरतो.

वाटीत आलं ते फिकट सोनेरी, अगदी नितळ. त्यात चिमूटभर मीठ. आधी धुराचा वास, मग समुद्राचा, आणि गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं. पुडीच्या दाशीत खारटपणा आधी पोचतो. यात मीठ सगळ्यात शेवटी कळलं.

आत्या: छान झालीय. नाही कशाला म्हणू? आता मला सांग, सकाळी सहाला उठून रोज हे करणार कोण?

भाचा: सहाला उठायचं कशाला? रात्री झोपताना पाण्याच्या जगमध्ये कोम्बू टाकून तो फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी नुसतं गरम करायचं. पुडी फोडायला वेळ लागतो त्याहून दोन मिनिटं जास्त.

आत्या: हे मात्र पटलं.

(तिला एखादी गोष्ट पटली की ती दुसऱ्या दिवसापासून करते आणि आपणच शोधली असं सांगते. फ्रिजमध्ये जग आहे.)

पण तेवढ्याने ती पुडी टाकून देईल असं नव्हतं. तिचं मूळ म्हणणं वेगळंच होतं. भाच्याची पुस्तकं क्योतोच्या मोठ्या उपाहारगृहांची आहेत, घराची नाहीत. आणि जपानी घर म्हणजे काही लहान आकाराचं उपाहारगृह नव्हे.

आत्या: तू म्हणतोस ती पहिल्या पाण्याची नितळ दाशी खेड्यातल्या घरात रोज कोण करत होतं रे? तिथे निबोशी, म्हणजे सुकवलेल्या छोट्या माशांचं पाणी. तेही नसलं तर नुसता मिसो. कात्सुओबुशी म्हणजे काय सोपं काम आहे? मासा शिजवायचा, काटे काढायचे, पुन्हा पुन्हा धुरी द्यायची, मग बुरशी चढवायची, उन्हात वाळवायची, परत बुरशी. उत्तम प्रतीची करायला महिने लागतात. लाकडासारखा तो तुकडा विकत घ्यायचा आणि खोक्याला लावलेल्या रंध्यावर रोज सकाळी किसायचा. माझी शेजारीण सांगायची, लहानपणी तिचं ते काम होतं आणि तिला त्याचा मनस्वी कंटाळा. निन्बेनने 1969 साली किसलेल्या कात्सुओबुशीची हवाबंद पाकिटं काढली तेव्हा पोरं सुटली. तू आज जे पाकीट फोडलंस ना, तीही पुडीच. फक्त तुझी पुडी मोठी.

भाचा: ...

आत्या: दोई योशिहारूंचं पुस्तक वाच एकदा. 2016 सालचं आहे. वडील दोई मासारू टीव्हीवरचे नावाजलेले पाकशिक्षक, आणि हे स्वतः मोठ्या उपाहारगृहात शिकून आलेले. ते काय म्हणतात? घरी एक सूप आणि जोडीला एक पदार्थ एवढं पुरे. भात, भाज्या घातलेलं मिसोसूप, लोणचं. सूपच दुसरा पदार्थ होतं. रोज एक सूप आणि तीन पदार्थ मांडायचं ओझं बायकांच्या डोक्यावरून उतरवा. मिसोसूपला वेगळी दाशी लागतेच असं नाही, म्हणतात. भाजीचं पाणी आणि मिसो मिळून चव होते. त्यात टोमॅटो घाला, बेकन घाला.

भाचा: बेकन! मग त्याला जपानी का म्हणायचं? डिसेंबर 2013 मध्ये युनेस्कोने जपानी आहारपरंपरेला वारसा म्हणून यादीत घेतलं, ते बेकनसाठी नव्हे. काहीतरी निसटत चाललंय म्हणूनच यादीत घालायची वेळ आली ना?

आत्या: युनेस्कोने नाव घेतलं नववर्षाच्या जेवणाचं. बरं. नववर्षाचं सूप, ओझोनी, कर बघू. कुठलं करशील? तोक्योला चिकट तांदळाची चौकोनी मोची भाजून नितळ रश्श्यात. क्योतोला गोल मोची, भाजायची नाही, आणि रस्सा पांढऱ्या गोडसर मिसोचा. कागावात तर मोचीच्या पोटात गोड पुरण आणि ती वर मिसोच्या सूपमध्ये! तोक्योची मुलगी तिथे लग्न होऊन गेली तर पहिल्या दिवशी तिला वाटेल सासू चेष्टा करतेय. यातलं अस्सल कुठलं?

भाचा: तिन्ही. पण तिन्हीत तिथल्या घरांची शिस्त आहे. कागावावाल्यांनी पुरण घातलं ते पिढ्यान् पिढ्या घातलं. फ्रिजमध्ये उरलं होतं म्हणून नाही घातलं.

हा टोला मला चांगला वाटला. 'प्रत्येक गावाची रीत वेगळी, म्हणून काहीही चालतं' हा युक्तिवाद फार लवकर सुचतो, आणि वेगवेगळ्या रीती असणं आणि रीतच नसणं यातलं अंतर त्यात गायब होतं. पण भाच्याची बाजू घ्यायला मी तोंड उघडतोय तोच त्याने स्वतःच पुढच्या आठवड्याचा बेत जाहीर केला: निकुजागा आणि तेम्पुरा, 'संपूर्ण पारंपरिक'.

आत्या: पारंपरिक! निकुजागात काय? मांस, बटाटा, कांदा. मेइजी काळाच्या आधी इथल्या किती घरांत गाईचं मांस शिजत होतं? आरमाराच्या खानावळीतून आलेला पदार्थ म्हणून माइझुरू आणि कुरे ही दोन बंदरं त्याच्या जन्मावरून भांडतात. अॅडमिरल तोगोंचं नाव त्यात गोवतात, त्याला पुरावा काही नाही. आणि तेम्पुरा तर आपल्या गोव्याच्या वाटेने आलाय.

भाचा: पोर्तुगीजांकडून, गोव्याकडून नाही.

आत्या: पोर्तुगीज येत कुठून होते? त्यांचा इकडचा सगळा कारभार गोव्यातून चालायचा. 1549 साली फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला तो गोव्याहून निघालेला. बरोबर आन्जिरो नावाचा जपानी, त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झालेला. त्याच काळात व्यापारी आले, पाद्री आले, आणि पिठात बुडवून तळायची रीत त्यांच्याबरोबर आली.

भाचा: मान्य. पण पुढच्या चारशे वर्षांत यांनी त्याचं काय केलं ते बघ ना. बर्फासारखं गार पाणी, पीठ चाळलेलं, काड्यांनी जेमतेम चार वेळा हलवायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. घोटलं की पिठाला चिकटपणा येतो आणि कवच भज्यासारखं जाड होतं. हे कुणी पोर्तुगीजाने शिकवलं नाही. पदार्थ कुठून आला याच्याशी मला कर्तव्य नाही, आत्या. किती हातांनी तो घासूनपुसून लख्ख केला त्याला मी परंपरा म्हणतो. तू पुडी फोडतेस तेव्हा ते हात वगळतेस.

आत्या यावर काही बोलली नाही. उठली आणि सिंकखालचा डबा काढला. आमच्या घरातली सगळ्यात जुनी जिवंत गोष्ट म्हणजे हा डबा, आणि जिवंत हा शब्द मी मोजून वापरतोय. आत तांदळाचा कोंडा, म्हणजे नुका, मीठ, पाणी, कोम्बूचा एक तुकडा, दोन सुक्या मिरच्या. ओल्या वाळूसारखा पिवळट लगदा. बाही वर सारून तिने कोपरापर्यंत हात घातला, तळाचं वर, वरचं तळाला असं चार-पाच वेळा फिरवलं, आतली काकडी चाचपली, पृष्ठभाग तळहाताने थापून सपाट केला आणि डब्याच्या कडा फडक्याने पुसल्या. वास आंबट, जरासा ब्रेडसारखा. हे रोज. जुलैच्या उकाड्यात दिवसातून दोनदा. एक दिवस चुकला तर वरचा थर धरतो आणि डब्याला मोज्यांचा वास येतो. आम्ही सुट्टीला भारतात आलो की हा डबा शेजारणीकडे असतो. कुंड्यांच्या आधी याची सोय लागते.

भाचा: हेच! दाशी पुडीतली चालते आणि नुकाला रोज हात लावायलाच हवा? बाजारात तयार नुका मिळतो, पिशवीतच काकडी खोचायची आणि फ्रिजमध्ये टाकायची. तो का नाही आणत?

आत्या: कारण हा माझा आहे.

भाचा: हे उत्तर झालं?

आत्या: झालं. दाशी मी करते आणि संपवते. हे मी एकदा केलं आणि तेव्हापासून सांभाळतेय. माझ्या हातावरचे जंतू आहेत त्यात. शेजारणीच्या डब्यातली काकडी वेगळी लागते, माझ्यातली वेगळी. पिशवीतली सगळ्यांची सारखी. अरे, घरातल्या बाईला दिवसाचे तास तेवढेच असतात. कुठे जीव ओतायचा आणि कुठे पुडी फोडायची हे प्रत्येक घर आपलं आपण ठरवतं. मी इथे ओतते. तू दाशीत ओत. पण सगळीकडे ओतायला जाशील तर महिन्याभरात पिझ्झा मागवायला लागशील.

मला विचाराल तर सगळ्या वादातलं हे सर्वांत खरं वाक्य. भाच्याला ते रुचलं नाही, आणि त्याचं कारणही मला कळतं. 'आपलं आपण ठरवायचं' म्हटलं की शिकायची गरजच संपते असं नवशिक्याला वाटतं. तसं ते नाही. आत्याकडे पुडी चालते, पण ज्या गोष्टी चालत नाहीत त्यांची यादी बरीच लांब आहे, आणि ती तिने कधी लिहून ठेवलेली नाही. पुढच्या आठवड्यात निकुजागा शिजायला लागला तशी ती एकेक बाहेर पडू लागली.

आत्या: शोयू (सोया सॉस) आत्ता नको! आधी साखर. मग मीठ, मग व्हिनेगर लागत असेल तर ते, मग शोयू, मिसो सगळ्यात शेवटी. साखर आत शिरायला वेळ घेते; मीठ आधी पडलं तर बटाटा आवळतो आणि मग साखर बाहेरच राहते. आणि शोयू-मिसो आधी घातलं तर त्यांचा वास वाफेबरोबर खिडकीतून बाहेर.

भाचा: हे पुस्तकात आहे.

आत्या: असेल. मग केलं का नाहीस? आणि झाकण पातेल्याच्या मापाचं नको. लहान घे, भाजीवर पडेल असं. ते लाकडी. म्हणजे थोड्या रसातही वरचे बटाटे कोरडे राहत नाहीत आणि उड्या मारून फुटत नाहीत. आता गॅस बंद कर.

भाचा: जेवायला अजून तास आहे.

आत्या: म्हणूनच बंद कर. चव आत जाते ती गार होताना. नंतर ऊन कर.

भाताचंही तसंच. भाच्याला मातीचं जाड भांडं आणायचं होतं. आत्याचा विजेचा कुकर तिला सोडवत नाही. तोशिबाने आपोआप बंद होणारा कुकर 1955 साली काढला आणि पहाटे उठून चुलीपाशी बसणं संपलं, यापेक्षा मोठी क्रांती जपानी बायकांच्या आयुष्यात झाली नाही असं तिचं ठाम मत आहे. पण कुकरचं बटण दाबायच्या आधीच्या गोष्टींत ती तसूभर सवलत देत नाही. मोजायला 180 मिलिलिटरचा कप. पहिलं पाणी घालून लगेच ओतून द्यायचं, कारण कोरडा तांदूळ पहिलं पाणी सगळ्यात हावरटपणे पितो आणि त्यात कोंड्याचा वास असतो. मग हलक्या हाताने चोळायचा. उन्हाळ्यात अर्धा तास भिजवायचा, हिवाळ्यात तासभर. बटण उडाल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. मग ओल्या उलथन्याने कापल्यासारखा हलवायचा, दाबायचा नाही. आणि मिसो घातल्यावर सूपला उकळी आली तर ती ते सूप वाढते, पण वाढताना पुन्हा पुन्हा सांगते की आज सूप बिघडलंय.

भाचा: म्हणजे तूही कर्मठच आहेस. फक्त सामानाच्या बाबतीत सैल आणि वेळेच्या बाबतीत सोवळी.

आत्या: सामान दुकानात मिळतं. वेळ कळायला वर्षं जातात.

भाचा: आणि चांगलं सामान न वापरता ती वर्षं घालवली तर चुकीचीच चव पाठ होते. मी त्या दिवशी दाशी केली नसती तर पुडीत काय कमी आहे हे आतोबांना कधी कळलं असतं का? विचार त्यांना.

मला विचारलं. मी म्हटलं, नसतं कळलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी कांद्याकडे बघितलं.

हा वाद असाच चालू राहिला असता, पण त्याला वळण लागलं पुण्याहून आलेल्या फोनमुळे. सासूबाई, म्हणजे भाच्याची आजी, आषाढी झाल्यावर महिनाभर राहायला येतायत. आजी शाकाहारी, आणि चातुर्मास पाळणाऱ्या. आता कात्सुओबुशी गेली. होनदाशी गेली, तिच्यातही मासाच. दोन्ही पक्ष एकाच फटक्यात उघड्यावर आले.

आत्या: पहिलं काम, मिसोच्या डब्यांची लेबलं वाचायची. आपल्याकडचा एक 'दाशी घातलेला' आहे, त्यात मासा असतो. बाटलीतलं नूडल्सचं ते गोडसर त्सुयू, त्यातही.

भाचा: हे तर सोपं आहे गं! इथल्या बौद्ध मठांत हेच तर करतात. शोजिन. दोगेन नावाच्या झेन गुरूंनी 1237 साली मठाच्या स्वयंपाक्यासाठी एक अख्खं पुस्तक लिहिलं. मासा नाही, मांस नाही, आणि कांदा-लसूणही वर्ज्य. आजीचा चातुर्मास त्यांना बारा महिने.

आत्या: दाशीचं काय करतात?

भाचा: कोम्बू आणि सुके शिइताके मशरूम. शिइताके रात्रभर फ्रिजमध्ये थंड पाण्यात भिजवायचे आणि सकाळी ते पाणी हळूहळू तापवायचं. कुनिनाकांना जो तिसरा घटक मिळाला, ग्वानिलेट, तो सुक्या शिइताकेत तयार होतो, तापवताना. कोम्बूबरोबर त्याचाही तोच गुणाकार. ही पुडीत नाही मिळायची.

आत्या: मिळते. पण राहू दे, कर तू. मग सूप केन्चिनजिरूच करू. कामाकुराच्या केन्चो-जी मठातलं म्हणतात ते. मुळा, गाजर, तोफू हाताने कुस्करून, तिळाच्या तेलात परतून. सातोइमो घालू, म्हणजे आपली अळकुडी, आईला ओळखीची वाटेल. आणि कोन्न्याकू, तो सुरणाच्या भाऊबंदातला. नाव ऐकून घाबरली तर सुरणाचा म्हणून सांगता येईल.

भाचा: जुलैमध्ये केन्चिनजिरू? आत्या, ते थंडीतलं सूप आहे. अळकुडी शरदात निघते, मुळा हिवाळ्यात गोड होतो. पुडी फोडलीस, बोललो, पुन्हा नाही बोलणार. पण ऋतू फोडू नकोस. तू शिकवलंस ते सगळं वेळेचं होतं ना?

आत्याने त्याच्याकडे बघितलं. आठवड्याभरात पहिल्यांदा तिच्याकडे उत्तर नव्हतं. केन्चिनजिरू कार्तिकापर्यंत पुढे गेलं.

भाचा: उन्हाळ्याचं करू. तीळ-तोफू. पांढरे तीळ खलात वाटायचे, त्यात कोम्बूचं पाणी आणि कुझुच्या मुळांचं पीठ, आणि मंद आचेवर सारखं घोटत राहायचं. हात थांबला की खाली लागतं. ते मी करतो.

आत्या: कुझु महाग आहे. बटाट्याचं पीठ...

भाचा: नाही.

आत्या: बरं, नाही. दुसरं काय? वांग्याचे उभे काप, वर गोड मिसो, भाजून. आईला आवडेल.

मी: कांदेनवमी होऊन गेलेली असेल. वांगं बंद.

(या लेखात माझं हे एकमेव उपयुक्त वाक्य.)

आत्या: अगंबाई, खरंच की. मग काबोचा. उन्हाळ्यात निघतो, आणि लाल भोपळ्याला कुठलाच चातुर्मास आडवा येत नाही. कोम्बूचं पाणी, साखर, शोयू, वरून लाकडी झाकण. नुकातली काकडी. तुझं तीळ-तोफू. भात. झालं.

भाचा: काबोचात मिरिन.

आत्या: मिरिनमध्ये चौदा टक्के दारू असते.

भाचा: उकळताना उडून जाते की. त्याशिवाय भोपळ्याला ती चकाकी येणार नाही, आणि फोडी मोडतात.

आत्या: आईशी खोटं बोलून मी तिला काही खाऊ घालणार नाही. फोन लाव आणि विचार.

त्याने लावला, स्पीकरवर. मिरिन म्हणजे काय, ते कशासाठी घालतात, सगळं नीट समजावून सांगितलं.

आजी: त्यात दारू असते का रे?

भाचा: असते, पण आजी, ती शिजताना उडून जाते.

आजी: उडून जाते तर घालता कशाला?

भाचा चकाकीबद्दल बोलायला लागला. आत्याने मागून साखरेचा डबा त्याच्यापुढे सरकवला.